चौथी ओळ

आमच्या वेळी सोलापुरात लग्न म्हटलं की मंगलाष्टकांचे गुलाबी-पिवळे कागद छापून मांडवात वाटायचे. नवरानवरीची, आईबापांची, रुसू नये म्हणून एखाद्या आत्याबाईचीही नावं वृत्तात बसवून श्लोक करायचे आणि भटजींनी ते सुरात म्हणायचे. एकोणीसशे तीसच्या अलीकडे-पलीकडे पाच-सहा वर्षं मी असे श्लोक पुष्कळ केले. बघा, ‘मी केले’ असं हात आपोआप लिहून गेला. आम्ही केले. दोघांनी.

दुसरा माणूस छापखान्यात जुळारी होता. लाकडी खणांच्या घरांमधून एकेक खिळा, म्हणजे शिशाचं अक्षर, उचलून ओळी जुळवायचं त्याचं काम. मूळचा मंगळवेढ्याकडचा, तिसरीपर्यंत शिकलेला. बायको तापाच्या साथीत गेली होती आणि घरी एकच मुलगी. मी मराठी शाळेत मास्तर. तो माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. तोंडावर आम्ही एकमेकांना ‘तुम्ही’च म्हणत असू, पण आठवताना तो मला ‘तो’च आठवतो.

आमची कामाची रीत विचित्र होती. शाळा सुटली की मी श्लोकाच्या पहिल्या तीन ओळी घेऊन छापखान्यात जायचो. तो खिळ्यांच्या खणांपुढे उभा असायचा. मी ओळी म्हणायचो, तो हात न थांबवता ऐकायचा. मग म्हणायचा, “मास्तर, वरात झ्याक निघाली, पर नवरी कुटं हाय?” मी चिडायचो. बोटांवर अक्षरं मोजून दाखवायचो, गणमात्रा सांगायचो. तो मान हलवत खणांतून खिळे उचलत राहायचा, आणि थोड्या वेळानं जुळवलेली पट्टी माझ्यापुढे धरायचा. तीत चौथी ओळ असायची, उलट्या अक्षरांत, शिशाची. त्यानं ओळ कधी हातानं कागदावर लिहिलीच नाही. मला उलटं वाचायला त्यानंच शिकवलं.

ते दिवस सुखाचे होते, हे मला तेव्हा कळलं नाही. एका शब्दावरून आम्ही तासभर भांडायचो, मालक ओरडला की दोघेही गप्प बसायचो आणि मग एकमेकांकडे बघून हसायचो. कागदाच्या तळाशी आम्ही नावं घालत नसू. बारीक टाइपात ‘दोन स्नेही’ एवढंच छापायचो.

पण खोटं कशाला सांगू, मला त्याचा राग यायचा. लग्नाच्या पंगतीत लोक ओळी म्हणून दाखवायचे, त्या नेमक्या चौथ्याच असायच्या. वृत्त मी सांभाळायचं, नावं मी बसवायची, संस्कृत शब्द मी शोधायचे, आणि वाहवा मात्र तिसरी शिकलेल्याची. हे मी कोणाजवळ बोललो नाही, पण पोटात ते होतंच.

एकदा तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो असताना तो म्हणाला, “एक ओळ राकून ठिवलीय, मास्तर. पोरीच्या लग्नाला. तिच्या आईवर हाय.” मी म्हणालो, ऐकवा तरी. तो म्हणाला, “न्हाय. मांडवातच आयका.” मी फार गळ घातली, तेव्हा त्यानं कशी आहे एवढं सांगितलं, की आई दारात उभी आहे. बायको गेलेल्या माणसाला मी पुढे काय विचारणार?

पुढच्या वर्षी एका बड्या वकिलांच्या मुलीचं लग्न निघालं. वकील मला म्हणाले, “मास्तर, हे ‘दोन स्नेही’ काय असतं? तुमचं नाव असू द्या. आमच्याकडे मोठी माणसं येणार आहेत.” मी एका शब्दानंही ‘दुसऱ्यालाही विचारतो’ असं म्हणालो नाही. उलट मला आनंदच झाला. आठही श्लोक, चारही ओळींसकट, मी घरी बसून एकट्यानं लिहिले, खाली माझं नाव घातलं आणि वकिलांच्या कारकुनाकरवी छापखान्यात पाठवले. स्वतः गेलो नाही. ते श्लोक त्यालाच जुळवावे लागणार हे मला माहीत होतं.

मांडव भरला होता. भटजींचा सूर छान लागला होता. तिसऱ्या श्लोकाच्या शेवटच्या ओळीची मला धास्ती होती. ती ओळ लंगडत होती आणि मी ती तशीच सोडली होती. भटजी तिथे आले आणि म्हणाले:

“मागे दारि उभी अजून जननी, कुर्यात् सदा मंगलम्।”

ही ओळ मी लिहिली नव्हती. बायकांच्या बाजूनं हुंदका आला, नवरीच्या आईनं पदर डोळ्यांना लावला. अक्षता टाकायला उचललेले हात क्षणभर तसेच राहिले. मला सगळं त्याच वेळी कळलं. ही त्याची राखलेली ओळ.

वकिलांनी मला मिठी मारली. कुणी म्हणालं, काय ओळ आहे हो, काळीज हललं. तो मांडवाच्या खांबाशी उरलेले कागद हातात घेऊन उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी काय म्हणतो एवढंच तो बघत होता. एक वाक्य पुरलं असतं. मी वकिलांची शाल घ्यायला मान खाली घातली. परत वर पाहिलं तेव्हा तो गेला होता, न जेवता.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात गेलो, आणि गेलो तो भांडायला. लाज लपवायला मला दुसरं काही सुचलं नाही. म्हणालो, “मला न विचारता ओळ बदललीत कशी?”

तो खिळे धुवत होता. म्हणाला, “लंगडत हुती, मास्तर. भटजी भर मांडवात अडकला असता. खाली तुमचं एकट्याचं नाव हुतं.”

“पण तीच का? ती तर राखलेली होती.”

“येळ न्हवता. दुसरी सुचंना.”

“मग आता?”

“आता तुमची झाली की,” तो म्हणाला आणि हात पुसून चहा सांगायला गेला.

मी चहा प्यायलो. त्यानंतरही तीन ओळी घेऊन दोनदा गेलो. त्यानं त्या नीट ऐकल्या, चांगल्या आहेत म्हणाला आणि तेवढ्याच जुळवल्या. मग मी जायचा बंद झालो.

दोन वर्षांनी त्याच्या मुलीचं लग्न झालं. हळदीकुंकू लावलेलं बोलावणं आलं, म्हणून गेलो. ज्यानं अर्ध्या गावाची मंगलाष्टकं जुळवली, त्याच्या मांडवात एकही छापील कागद नव्हता. भटजी नेहमीचे श्लोक म्हणत होते. मध्येच मला पाहून म्हणाले, “मास्तर, तुमची ती वकिलाकडची ओळ होऊन जाऊ दे.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अंतरपाटापलीकडून त्यानंही पाहिलं. त्याच्यासमोर ती ओळ माझी म्हणून म्हणणं मला जमेना. आणि ती त्याची आहे हे सांगायचं, तर दोन वर्षं कुठे होतो तेही सांगावं लागलं असतं. मी गळ्याला हात लावून म्हणालो, “घसा बसलाय.” भटजी पुढे सरकले. मी अक्षता टाकल्या.

तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती ओळ अजून लग्नांत म्हणतात, काही कागदांवर तिच्याखाली माझं नावही असतं. मध्यंतरी मंगळवार पेठेत त्याची मुलगी भेटली. डोक्यावर पदर, बरोबर तिची लेक. पाया पडली आणि म्हणाली, “काका, माज्या लग्नात तुमचा घसा बसला हुता बगा. न्हायतर ती ओळ तुमीच म्हणणार हुता की. आबा लई सांगायचे, मास्तरांनी ती तुज्या आईवर केलीय म्हणून.”

मी तिच्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. तिला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. ती जवळ आली आणि मोठ्यानं म्हणाली, “माज्या आईवरच केलीवती न्हवं, काका, तुमी?”

मी ‘हो’ म्हणालो.