आधी ओल दाखवणारे किल्लीकाका

गावातल्या निम्म्या रिकाम्या घरांच्या किल्ल्या एकाच माणसाच्या कमरेला लटकत असायच्या, म्हणून त्या घरांच्या दलालाला सगळे किल्लीकाका म्हणत. छत्तीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी एक नियम कधी मोडला नाही. गिऱ्हाइकाला आधी घराचा दोष दाखवायचा, मग दिवाणखाना. भिंतीतली ओल, गळकं छत, मागून वाहणारं गटार. "हा माणूस घरं विकतो की गिऱ्हाइकं पळवतो?" असं सुरुवातीला लोक हसायचे. पुढे तेच म्हणू लागले, काकांनी दाखवलेलं घर डोळे मिटून घ्यावं.

दुसरा नियम ते भेटेल त्याला ऐकवत. "सख्खा भाऊ असला तरी करार लेखी करा."

आणि नेमका तिथेच दिव्याखाली अंधार. एकोणीस वर्षांपूर्वी एका मित्राच्या घरात, तळमजल्यावर, त्यांनी वाचनालय उघडलं होतं. घरोघर फिरून कपाटं मिळवली, पुस्तकांना स्वतः पुठ्ठे चढवले, रोज संध्याकाळी तिथल्या टेबलाशी बसले. मित्र म्हणाला होता, "आपल्यात कसला आलाय कागद?" आणि काकांनी मान डोलावली होती. मित्र गेल्या वर्षी वारला. आता त्याचा मुलगा समोर बसला होता.

"काका, घर विकायचंय. गिऱ्हाईक तुम्हीच बघा. दुसऱ्या कुणावर विश्वास नाही माझा."

"आणि वाचनालय?"

"बाबांनी तसं काही लिहून ठेवलंय का?"

काकांनी घरी येऊन सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "लष्कराच्या भाकऱ्या भाजल्यात ना? आता पोळलेल्या हातांवर फुंकर घालत बसा." मग जरा मऊ होऊन, "नाही म्हणा त्याला."

"मी नाही म्हटलं तर दुसरा कुणी महिन्यात विकून टाकेल. माझ्याकडे राहिलं तर निदान लांबवता येईल."

लांबवायला त्यांचा पहिला नियमच पुरेसा होता. दवाखान्यासाठी जागा शोधणारी दातांची डॉक्टरीण आली, तेव्हा त्यांनी उत्तरेकडची ओल दोनदा दाखवली. मग जिन्याची कुजलेली पायरी. मग पावसाळ्यात फुगून बसणारी खिडकी. ती सगळं वहीत उतरवत होती.

"अजून काही?"

"एवढं कमी आहे का, बाई?"

ती हसली. "मी अठरा घरं पाहिली, काका. एकातही एक दोष नव्हता म्हणे. इथे निदान काय दुरुस्त करायचं ते तरी कळलं. पाया कसा आहे?"

खचलाय, एवढंच म्हणायचं होतं. तिने पुन्हा विचारलंही नसतं. शब्द ओठांपर्यंत आला आणि काकांना स्वतःचाच संताप आला. मित्रासमोर जीभ उचलली नाही, आणि आता खोटं बोलायला तेवढी वळवळतेय.

"दगडी आहे," ते तुसडेपणाने म्हणाले. "शंभर वर्षं हलायचा नाही."

"मग घेतलं मी."

काका वाचनालयातल्या आपल्या खुर्चीत बसले. समोर पुस्तकांची बारा कपाटं उभी होती.

"ही हलवायला सहा महिने लागतील," ते म्हणाले.

"चार देते. माझा शब्द आहे."

किल्लीकाकांनी वाचनालयाच्या नोंदवहीतलं कोरं पान फाडलं, तिच्यापुढे सरकवलं आणि वर पेन ठेवलं.