कप्तानाची पँट

शिंपीणकाकूंच्या हातांना आणि तोंडाला एकमेकांची काही पडलेली नसायची. तोंड शेजारणीच्या सुनेची गोष्ट सांगत असायचं, आणि तेवढ्यात हात सहा काजं करून मोकळे व्हायचे. चाळीस वर्षं त्यांनी असंच दुकान चालवलं. पुढे डोळे सुईचं भोक दाखवायला कुरकुरू लागले, तेव्हा दुकान भाच्याच्या हवाली केलं. आता घरात बसून काय करणार? नवऱ्याचं डोकं खाणार. नवरा बसचा ड्रायव्हर, तोही नुकताच निवृत्त झालेला, म्हणजे खायला डोकं दिवसभर समोर हजर. आठच दिवसांत त्याने हात जोडले.

"अगं, जगात आणखीही माणसं आहेत. त्यांच्याकडे बघ जरा."

काकूंनी बघितलं. समुद्राकाठी, धक्क्याखाली आणि बंद टपऱ्यांच्या आडोशाला वीस-बावीस माणसं राहत होती. त्यांना खायला द्यायला कोणी ना कोणी यायचं. पण कपडे धुणार कुठे? समुद्रात धुतले तर मिठाने पुठ्ठ्यासारखे कडक व्हायचे. मग काकू, काका आणि खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई, अशा तिघांनी होड्यांची एक रिकामी शेड मागून घेतली. दोन जुनी धुलाईची मशीनं आणली, एक सुकवायचं आणलं, आणि दर मंगळवारी सकाळी तिथे धुणं निघू लागलं. ज्याच्याकडे अंगावरचा एकच जोड, तो धुणं होईपर्यंत चादर गुंडाळून बाकावर चहा पीत बसायचा. वारा सुटला की सगळी बाकं एकदम किंचाळायची.

कोणाचं काय हे कळायला नर्सबाईंनी आधी कपड्यांवर शाईने नंबर घातले होते. धक्क्याखाली तीन छत्र्या लावून राहणारी एक बाई होती, तिला सगळे राणीसाहेब म्हणत. तिने ते नंबर पाहून शेडच डोक्यावर घेतली. "दवाखान्यात नंबर, रांगेत नंबर, आता माझ्या परकरावरही नंबर?"

मग काकूंनी तोड काढली. ज्याने त्याने आपला रंग निवडायचा, आणि काकू त्या रंगाच्या दोऱ्याचे चार कच्चे टाके आतून घालणार. कच्चे, म्हणजे कापडाला भोकं पडत नाहीत आणि ओढले की सुटतात. राणीसाहेबांनी जांभळा घेतला. कप्तानाने लाल.

हा कप्तान काही कप्तान नव्हता. जहाजावर स्वयंपाकी होता. जहाज भंगारात गेलं, पाठोपाठ नोकरी गेली, मग खोली गेली, आणि उंची तेवढी राहिली, सहा फुटांवर चार बोटं. दोन वर्षं तो धक्क्याखाली राहत होता. आणि त्या मंगळवारी अकरा वाजता त्याला टेकडीवरच्या वसतिगृहात बोलावलं होतं. स्वयंपाक्याची जागा होती आणि स्वयंपाकघरामागे राहायला खोली. तिथल्या व्यवस्थापकबाईंनी निरोप धाडला होता, अकरा म्हणजे अकरा. आणि गबाळा माणूस मला माझ्या पातेल्याजवळ चालत नाही.

इस्त्री एरवी नर्सबाई करायच्या. पण त्या दिवशी काकू म्हणाल्या, "आज इस्त्री माझ्याकडे. कप्तानाच्या पँटला अशी घडी पाडते की तिने भाजी चिरता येईल."

आणि काकूंनी इस्त्री हातात घेतली, आणि तोंड सुरू झालं. भाच्याने गिऱ्हाइकाच्या कोटाला तीन बाह्या कशा कापल्या, ही गोष्ट. बाकांवर चादरी गदगदा हलत होत्या. नर्सबाई डोळे पुसत होत्या. गोष्ट संपली, ढिगारा संपला, आणि नर्सबाई वाटप करायला उठल्या. एक शर्ट उलटा केला. दुसरा केला. तिसरा केला.

"काकू, दोरे कुठे आहेत?"

काकूंनी खाली पाहिलं. त्यांच्या पायाशी लाल, जांभळ्या, हिरव्या, पिवळ्या दोऱ्यांचा हा एवढा पुंजका!

आता शिंपिणीचे हात ते. कपडा तयार झाला, इस्त्री फिरली, की कच्चा दोरा दिसला रे दिसला की ओढून काढायचा. चाळीस वर्षांची सवय. तोंडाने गोष्ट सांगितली, आणि हातांनी बावीस माणसांच्या खुणा मुकाट उपटून टाकल्या. जित्याची खोड म्हणतात ती ही.

"अगं बाई! मीच की!" काकू मटकन खाली बसल्या.

"शाबास!" ड्रायव्हरकाका गरजले. "स्वतःच शिवायचं, स्वतःच उसवायचं! मी जन्मभर बस चालवली, कधी प्रवाशांना उतरवून चाकं काढून घेतली का?"

मग राणीसाहेब फिस्सकन हसल्या आणि बांध फुटला. एकवीस माणसं चादरी सांभाळत हसू लागली. हसत नव्हता तो एकटा कप्तान. "काकू," तो हळूच म्हणाला, "साडेनऊ झालेत."

काकू ताडकन उठल्या. "नंबर नको, दोरे नको. कपडा बोलतो. आणा इकडे."

त्यांनी एक शर्ट उजेडात धरला. "डावा खांदा झिजलाय. झोळी डाव्या खांद्यावर कोण टाकतं? तूच ना रे? घे." दुसरा उचलला. "कोपरं गेलीत. दिवसभर भिंतीवर कोपर टेकून बोटी मोजणारा कोण? पेंटर, घे बाबा." जांभळट झगा नुसता लांबूनच पाहिला. "छत्रीच्या तारेने फाटलाय इथे. राणीसाहेब, स्वारी करा."

"हात लावायच्या आत कसं ओळखलं?" राणीसाहेबांनी विचारलं.

"कपड्याला माणसाची सवय लागते. माणसाने लाख लपवलं तरी ढुंगण लपवत नाही."

ढिगारा भराभर उतरला. कप्तानाचा शर्ट सापडला, बाह्या नेहमी वर सारलेल्या, घडीच्या रेघा तिथेच. पण पँट? एकवीस माणसं कपड्यांत, आणि कप्तान वरून साहेब, खालून चादर. राखाडी पँट, कालच काकूंनी तिची खालची दुमड सोडून लांब केलेली, कुठेच नाही. पेंटरने आपली पँट काढून देऊ केली. ती कप्तानाच्या पोटऱ्यांवरच थांबली.

सव्वादहा. काका तर सगळ्यांत जोरात शोधत होते. बाकांखाली वाकत होते, बादल्या उलट्या करत होते आणि मधूनच ओरडत होते, "शोधा, शोधा! एका माणसाच्या खोलीचा प्रश्न आहे!"

काकूंनी मशीनमध्ये डोकं घातलं, रबराच्या खाचेत हात घातला आणि आत अडकलेली एक ओली पँट ओढून काढली. राखाडीच. काकूंनी ती झटकली, फिरवली, मागची बाजू पाहिली.

"ही नाही. ही बसून बसून मागे आरशासारखी झालीय. आणि उजव्या पायाची किनार घासलेली, ब्रेक दाबून दाबून..." काकू थांबल्या. सावकाश वळल्या.

काका तेव्हा ओणवे होऊन मशीनच्या मागे शोधत होते. मागून त्यांची पँट दिसत होती. बसायची जागा मऊ, जराही न चमकणारी. आणि खाली दोन्ही पायांचं कापड टाचांखाली येऊन फरशी पुसत चाललेलं.

"अहो," काकू म्हणाल्या, "तुम्ही एका रात्रीत चार बोटं ठेंगणे झालात का?"

काकांनी खाली पाहिलं. सकाळी पाइप निसटून ते कमरेपर्यंत भिजले होते, तेव्हा त्यांनी आपली पँट मशीनमध्ये टाकली होती. तासाभराने सुक्या कपड्यांत राखाडी पँट दिसली, ती चढवली. "मला वाटलं, धुऊन सैल झाली," ते पुटपुटले.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" नर्सबाई.

"कळसाच वळसा घालतोय, बाई," काकू म्हणाल्या. "आणि मलाही दिसला नाही. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याकडे नीट बघायचं सुचतं कोणाला? काढा ती!"

चादरींचा पडदा धरला गेला. पँट या बाजूने आली, चादर त्या बाजूने गेली. इस्त्री फिरली. पण टाचांखाली येऊन दुमड उसवली होती, लोंबत होती, आणि घड्याळात दहा-चाळीस. "गाडीत शिवते," काकू म्हणाल्या. "चला!"

काका चादर गुंडाळून धुण्याच्या व्हॅनच्या स्टीअरिंगवर बसले. कप्तान मागे, त्याचे लांबलचक पाय काकूंच्या मांडीवर. टेकडीचा रस्ता वळणावळणाचा.

"हलू नकोस रे."

"मी नाही काकू, गाडी हलतेय. आई गं!"

"टोचली? बरं झालं, जागा राहशील. अहो, जरा हळू!"

"हळू नेलं तर अकरा वाजतील," काका पुढून ओरडले, "आणि जोरात नेलं तर चादर उडते. काय ते एक सांग!"

"उडू दे!"

अकराला तीन मिनिटं कमी असताना व्हॅन वसतिगृहाच्या दारात थांबली. व्यवस्थापकबाई पायरीवरच उभ्या होत्या. त्यांनी आधी चादरवाल्या काकांकडे पाहिलं, नखशिखान्त.

"हे असतील तर नको."

"हे माझे," काकू घाईने म्हणाल्या. "तुमचा मागे आहे."

कप्तान उतरला. बाईंनी त्याच्या पँटच्या घडीवर नजर फिरवली, वरपासून खालपर्यंत, आणि एवढंच म्हणाल्या, "चाळीस माणसं एक वाजता जेवायला बसतात. आत या."

दार बंद झालं. काका-काकू व्हॅनमध्ये बसून राहिले. अर्धा तास गेला. आतून सुरीचा टकटक आवाज येऊ लागला, भांडी वाजली, फोडणीचा वास आला. पण वासावरून खोली मिळाली की नाही ते कसं कळणार? काका दोनदा म्हणाले जाऊ या, आणि दोनदा स्वतःच बसून राहिले.

मग स्वयंपाकघरामागची एक छोटी खिडकी धाडकन उघडली आणि त्यातून कप्तानाचं डोकं बाहेर आलं. कपाळाला पीठ, डोळ्यांत कांद्याचं पाणी.

"काकू! खोलीला दार आहे! आतून कडी आहे! ऐका हां!"

डोकं आत गेलं. कडी लागली. कडी निघाली. पुन्हा लागली.

"ऐकू आली का?" आतून आवाज.

"नाही!" काकू ओरडल्या. त्यांना चांगली ऐकू आली होती. "परत लाव!"