दादाचं क्रिकेट लिनक्सवर चालेना

मंडळी, आज सकाळी आमच्या रोह्याच्या घरच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स टाकलं. सीडी पेणच्या मित्राची. कॉम्प्युटरची हार्ड डिस्क लहान, दोन्ही मावत नाहीत.

दुपारच्या शिफ्टला जाणाऱ्या दादाने आधीच बजावलं होतं, "मी निघेपर्यंत माझा क्रिकेटचा गेम चालला पायजे. नायतर होतं तसं करून दे."

विंडोजसाठी बनवलेला तो गेम लिनक्सवर चालवायची प्रत्येक पायरी वहीत लिहून तीनदा तपासली, तरी गेम चालला नाही. तोवर दादा लिनक्ससोबत आलेला सापाचा खेळ खेळत बसला. "भिंतीला नुसतं नाक लागलं आन् मेला? असा कुठला साप रे?"

त्या खेळाचा कोडही सीडीवर होता. मी दहावी नापास, पण भिंतीला लागताच साप मरतो ती ओळ सापडली. बदलली, तर साप एका भिंतीत शिरून समोरच्या भिंतीतून बाहेर आला.

दादा बुटाची नाडी बांधता बांधता थांबला. "क्रिकेटात असं करता येतं?"

"नाय. त्याचा कोड आपल्याला बघायला मिळत नाय."

"मग हे लिनक्सच राहू दे. पण माझं क्रिकेट शोध."

तेव्हापासून शोधतोय. कोड उघडा असलेला क्रिकेटचा गेम कुणाला माहीत आहे का? नसेलच, तर लिहायला सुरुवात कुठून करायची?