अस्मिताचं अपील

फॅमिली कोर्टाचा आदेश आला त्या आठवड्यात अस्मिता केळुसकर घरात कोणाशी धड बोलत नव्हती. ती हॅमिल्टनमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअर होती, पुलांची आणि गोदामांची डिझाइन्स तपासायची. तिथल्याच रोटोटुना उपनगरात तिचं घर होतं. घरात आठ वर्षांची सिद्धी, आणि ठाण्याहून सहा महिन्यांसाठी आलेली आई, सुमतीबाई. नवरा इंद्रनील वेगळा होऊन ऑकलंडला हिल्सबरोमध्ये एका मित्राकडे खोली घेऊन राहत होता. कोर्टानं ठरवलं होतं, की अस्मितानं त्याला दर आठवड्याला पोटगी द्यायची, तीन वर्षं.

बायकोनं नवऱ्याला पोटगी द्यायची, हे सुमतीबाईंना समजावण्यातच एक संध्याकाळ गेली. इथल्या कायद्यात बाई-पुरुष असा भेद नाही, संसारामुळे ज्याची कमाई मागे पडली त्याला काही काळ आधार द्यायचा, असं अस्मितानं सांगितलं. धडधाकट पुरुषाला कसला आधार, असं सुमतीबाई म्हणाल्या. त्यानंतर ठाण्याहून फोन आला की त्या तो घेऊन मागच्या अंगणात जायला लागल्या.

अस्मिताचा राग वेगळाच होता. सुनावणीला तिनं वकील केला नव्हता. आपण खरं बोलतोय तर कोर्ट ऐकेल, अशी तिची समजूत होती. इंद्रनीलनं इथं येऊन मनापासून नोकरी शोधलीच नाही, असं तिनं शपथेवर सांगितलं होतं. न्यायाधीशांनी दोघांचं ऐकलं आणि तिचं म्हणणं पटलं नसल्याचं आदेशात स्पष्ट लिहिलं.

मराठी मंडळातले गुरुनाथकाका तीस वर्षं इथं होते, लोक त्यांना विचारून घर घ्यायचे. त्यांनी सल्ला दिला की वरच्या कोर्टात जायची काही गरज नाही, त्याच कोर्टात रक्कम कमी करण्याचा अर्ज टाक. त्यांच्या ओळखीत एकाचं तसंच झालं होतं. अस्मिताला ते बरं वाटलं. ती शनिवार-रविवार बसून अर्ज लिहू लागली. इंद्रनीलच्या आळसाबद्दल तिनं जे कोर्टात सांगितलं होतं, ते सगळं पुन्हा, जास्त कडक शब्दांत लिहिलं. सुमतीबाईंचं म्हणणं होतं की निकाल लागेपर्यंत एक डॉलर पाठवू नकोस. पहिला हप्ता तिनं भरलाच नाही. मग दुसराही.

सिद्धीनं एका शनिवार-रविवारी आईकडे, एका शनिवार-रविवारी बाबाकडे राहायचं, असं ठरलं होतं. दोघं अर्ध्या वाटेवर पोकेनोला भेटायचे. त्या शनिवारी सिद्धी आधीच बाबाच्या गाडीत जाऊन बसली, कानात इयरफोन. इंद्रनीलनं तिची बॅग डिकीत ठेवली आणि डिकी बंद न करताच उभा राहिला.

"पैसे आले नाहीत," तो म्हणाला.

"मी ऑर्डरला चॅलेंज करतेय."

"कर ना. तुझा हक्क आहे. पण तोपर्यंत ऑर्डर आहेच ना? मला टीचिंगच्या कोर्सची फी भरायचीय, अस्मिता. सोमवारी वकिलाशी बोलणार आहे मी."

तो भांडला असता तर तिला सोपं गेलं असतं. आपण चुकीचं काहीतरी करतोय, आणि ते नेमकं काय हे आपल्याला माहीत नाही, हे तिला परत येताना एक्स्प्रेसवेवर पहिल्यांदा जाणवलं.

सोमवारी ऑफिसातल्या एका सहकारिणीनं तिला मिरियामाचं नाव दिलं. मिरियामा फॅमिली कोर्टाची कामं करणारी, पन्नाशीची वकील. तिनं आदेश वाचला, अस्मितानं लिहिलेला अर्ज वाचला, आणि अर्ज बाजूला ठेवला.

"आदेशानंतर तुमच्या आयुष्यात काय बदललं?" तिनं विचारलं. "नोकरी गेली? आजारपण? त्यांना काम मिळालं?"

काहीच बदललं नव्हतं.

मग हा अर्ज चालणार नाही, असं मिरियामानं सांगितलं. त्याच कोर्टाकडे परत जायचं ते परिस्थिती बदलली म्हणून. त्या दिवशीचा निर्णयच चुकला असं म्हणायचं असेल तर रस्ता एकच, हायकोर्टात अपील. त्याला निकालापासून वीस कामाचे दिवस मिळतात आणि त्यातले बरेचसे गेले होते. राहिला होता जेमतेम आठवडा. शिवाय अपील केलं म्हणून आदेश आपोआप थांबत नाही. थकलेले हप्ते आधी भरून टाका, नाहीतर हायकोर्टात पहिल्याच मिनिटाला तुमची बाजू लंगडी पडेल, असंही ती म्हणाली.

गुरुनाथकाकांच्या रस्त्यानं अस्मिता गेली असती तर मुदत तिच्या नकळत टळली असती.

"अपील करू," ती म्हणाली. "तो खोटं बोलला, हे दाखवू."

"न्यायाधीशांनी तुम्हा दोघांना समोर बसवून ऐकलं आणि तुमच्या नवऱ्यावर विश्वास ठेवला. हायकोर्ट ते सहजासहजी बदलणार नाही. पण हे बघा." मिरियामानं आदेशाचं शेवटून दुसरं पान उलटलं. इंद्रनीलनं स्वतःच्या जबानीत शिक्षकाचा कोर्स एका वर्षाचा असल्याचं सांगितलं होतं. आदेशात तीन वर्षं होती, आणि तीनच का, याचं कारण कुठंच नव्हतं. "ही चूक आहे. माझ्या मते एवढ्यावरच जावं. पण मग पोटगी देणं बरोबर होतं, हे तुम्हाला मान्य करावं लागेल. विचार करा, पण लवकर."

तीन दिवस अस्मितानं निर्णय घेतला नाही. मिरियामाचे दोन ईमेल आले, दुसरा एका ओळीचा. हप्ते तिनं भरले, पण अपिलाच्या कागदांवर सही केली नाही. पुण्याला इंद्रनील ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. मुलं सुटीतही शंका घेऊन घरी यायची. तिला इथली नोकरी लागली तेव्हा, तू हो म्हण, माझं बघू, असं तोच म्हणाला होता. इथं त्याच्या पदवीवर शाळेत घेईनात. तो सुपरमार्केटमध्ये पहाटेची शिफ्ट करायचा आणि दिवसभर सिद्धीला सांभाळायचा. अर्ज लिहिताना यातलं एक अक्षरही तिनं लिहिलं नव्हतं.

अपिलाची मुदत संपायच्या आदल्या दिवशी सकाळी चहा घेताना तिनं आईला सांगितलं, की मी फक्त तीन वर्षांच्या मुदतीवर अपील करतेय, पोटगीवर नाही.

"म्हणजे तू कबूल केलंस," सुमतीबाई म्हणाल्या. "जगासमोर."

"हो, आई. तो माझ्यासाठी नोकरी सोडून आला. ते खरंच आहे."

सुमतीबाई उठून सिंकपाशी गेल्या आणि बराच वेळ एकच कप विसळत राहिल्या. सिद्धी डब्यासाठी आत आली, तिनं दोघींकडे पाहिलं आणि "आय विल वेट आउटसाइड," म्हणून निघून गेली. अस्मिता लंचमध्ये मिरियामाकडे जाऊन सही करून आली. दुपारी मिरियामाच्या मदतनिसानं अपील दाखल झाल्याचं कळवलं, तेव्हा अस्मिता एका गोदामाच्या छताचं गणित तपासत होती. तिला ते पुन्हा पहिल्यापासून तपासावं लागलं.

सुनावणी काही महिन्यांनी झाली. इंद्रनीलचा वकील मोठ्या लढाईच्या तयारीनं आला होता. तुमचं म्हणणं पोटगीच्या मुदतीपुरतंच आहे का, असं न्यायाधीशांनी मिरियामाला दोनदा विचारलं. ती दोन्ही वेळा हो म्हणाली. पोटगीच रद्द करा असं म्हणता आलं असतं, हा विचार शेवटपर्यंत अस्मिताची पाठ सोडत नव्हता.

निकाल आला. पोटगी कायम, रक्कम तीच. मुदत मात्र कोर्स संपेपर्यंत आणि त्यानंतर नोकरी शोधायला सहा महिने.

त्या संध्याकाळी इंद्रनीलचा फोन आला. "माझा वकील म्हणाला होता, तू मला खोटं ठरवशील," तो म्हणाला. "त्यासाठी मी सगळी जुनी कागदपत्रं काढून ठेवली होती. रिजेक्शनची पत्रंसुद्धा."

"माहीत आहे," अस्मिता म्हणाली. "आधी एक अर्ज लिहिला होता, टाकला नाही. त्यात मी तेच लिहिलं होतं."

त्यानं फोन सिद्धीला द्यायला सांगितलं.

सुमतीबाई तोवर ठाण्याला परतल्या होत्या. निकाल ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, की तो कोर्स पुरा करेल ना. अस्मिता म्हणाली, करेल, शिकवणं त्याला येतं.