नऊच्या जागी पाच

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. ऑफिसात नाही, गावी भावालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की तुम्ही मला अडवू शकत नाही म्हणून? असो. कारणं शोधायला लागलो की मी पळवाट काढतो.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं किती किळसवाणं आहे ते कळेल. चंदीगडला एका प्रयोगशाळेत मी वजनकाटे तपासतो. एकोणीस वर्षं. पहिली गोष्ट बघायची ती शून्य. रिकाम्या काट्याने शून्य दाखवलं नाही, तर पुढचं प्रत्येक वजन खोटं. शून्य हलवलेला काटा मी एकदाही पास केलेला नाही. एकदाही नाही — आणि याचा मला केवढा माज होता.

केतकी माझी मुलगी. फुटबॉल खेळते. खेळायची. जन्म इथलाच, आम्ही मराठीत बोलायचं आणि तिने हिंदीत उत्तर द्यायचं, असं आमचं घर. ती सोळाची असताना तिच्या अकादमीत नवी फिजिओ आली, सिमरन मॅडम. पंचविशीची असेल. सीझनच्या आधी सगळ्या मुलींची चाचणी घ्यायची, असं तिने ठरवलं. दहा शब्द वाचून दाखवायचे, थोड्या वेळाने किती आठवतात ते लिहून ठेवायचं. पुढे कुणाच्या डोक्याला मार लागला, तर तशीच चाचणी पुन्हा घ्यायची आणि आकडे ताडून बघायचे. कमी आले, तर मुलगी मैदानाबाहेर. कोच हसायचा — "सिर है, कोई शीशा थोड़ी है." सिमरनने ऐकलं नाही.

मला पद्धत ऐकताक्षणी कळली. ती शून्य लावत होती. आणि त्याच क्षणी दुसरंही कळलं — ते कसं हलवायचं.

त्या वर्षी राज्याच्या संघाची निवड होती. आदल्या वर्षी एका मुलीला डोक्याला लागलं म्हणून बाहेर बसवलं आणि तिची निवड हुकली, हे आम्ही पाहिलं होतं. मी केतकीची घरीच चाचणी घेतली, स्वयंपाकघरात, ओट्याशी. नऊ शब्द आले. राहिला तो 'घोंगडी'. "ये घोंगडी क्या होता है?" म्हणाली, आणि आम्ही दोघं हसलो. मी डायरीत तारीख घालून लिहिलं — नऊ. मग तिला सांगितलं, उद्या मॅडमना पाचच सांग, म्हणजे पुढे मार लागला तरी आकडा पडलेला दिसणार नाही.

जिचा एक मार्क गेला तरी मी जाब विचारायचो, तिला मी मार्क पाडायला शिकवत होतो. "चीटिंग नहीं है ये?" तिने एकदाच विचारलं. मी म्हणालो, सेफ्टी मार्जिन आहे. शब्द बघा. माझ्या कामातला स्वच्छ शब्द उचलला आणि पोरीच्या तोंडावर मारला.

थंडीतली मॅच. केतकी हेडरला उडाली, समोरची मुलगीही. डोकी आपटल्याचा आवाज मला बाकावर ऐकू आला. केतकी उठली आणि चुकीच्या बाजूला चालायला लागली. सिमरनने तिला बाहेर आणलं, शब्द विचारले. पाच आले. कागदावर पाच, आता पाच.

ते पाच म्हणजे तिला आठवलेले सगळे होते, की माझं ऐकून ती तिथे थांबली? मला माहीत नाही. लोकांची मापं तपासणारा मी — आणि मला माहीत नाही.

सिमरन तरीही अडून बसली. "अंकल जी, नंबर ठीक है, पर मेरा मन नहीं मान रहा. आज बिठा देते हैं."

ती बरोबर होती. आकडा खोटा होता आणि तिचं मन बरोबर होतं. आणि मी काय केलं? तिच्या हातातला कागद तिलाच दाखवला. मॅडम, पद्धत तुमचीच ना? मग आकड्यावर चाला. कोच म्हणाला, अंकल सही बोल रहे हैं. केतकी आत गेली.

आठ दिवसांनी, निवडीच्याच सामन्यात, जवळून मारलेला चेंडू तिच्या कानशिलावर बसला. स्ट्रेचरवरून न्यावं लागलं.

दीड वर्ष झालं. घरात पडदे ओढलेले असतात. दोन पानं वाचली की तिचं डोकं ठणकतं. बारावीची परीक्षा दिली नाही. गॅसवर दूध ठेवून विसरते, आणि विसरले हे कळलं की ओट्यावर मूठ आपटत राहते.

इथवर त्याला हाव म्हणा. पुढचं काय म्हणाल? मी सिमरनविरुद्ध तक्रार केली. चार पानं. तारखा, वेळा, आकडे, सगळं बिनचूक. डोक्याला मार लागलेल्या मुलीला परत मैदानात सोडणारी बेजबाबदार फिजिओ. बैठकीत ती म्हणाली, अंकलनीच आग्रह धरला होता. कोच म्हणाला, असं काही झालं नाही. मी टेबलाकडे बघत बसलो. तिला काढून टाकलं. गणपतीत आमच्या मराठी मंडळींनी माझी पाठ थोपटली — पोरीसाठी लढलात. हातात मोदक होता. खाल्ला.

आता त्या अकादमीत ती चाचणी कुणीच घेत नाही. घेणारी एकच होती.

पाणी मारा आणि खेळा म्हणणाऱ्या प्रत्येक कोचची मला चीड येते. पण त्याला कळत नव्हतं. मला कळत होतं.

गेल्या महिन्यात नव्या डॉक्टरांनी तिला दहा शब्द विचारले आणि जुनी फाईल उघडली. तेव्हा पाच, आता पाच. स्मरणशक्ती पूर्ववत, असं लिहिलं. कागदोपत्री माझी मुलगी बरी झाली आहे. आणि मी — मान डोलावली.

उद्या डायरी घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. अकादमीलाही लिहून देणार आहे, की तक्रार खोटी होती. यात चांगुलपणा शोधू नका. रविवार आला नसता, तर मी गेलो नसतो.

रविवारी ओट्याशी उभं राहून मी पुन्हा दहा शब्द वाचले. थोड्या वेळाने विचारले. केतकीने माझ्याकडे बघितलं. "बाबा, सच वाला बताऊँ, या आपवाला?"

खरं सांग, म्हणालो.

तिने डोळे मिटले. एकेक शब्द बोटावर धरत गेली. पाचव्या बोटाशी थांबली. मी वाट पाहिली.

"बस, बाबा," ती म्हणाली. "अब दोनों सेम हैं."