फुग्यात राहिलेली कवळी

गालवाल्या काकांचं अख्ख्या कारखान्यात नाव होतं ते त्यांच्या गालामुळे. तिथे आकाशात तरंगणारी जहाजं बनत. म्हणजे काय, तर काकडीच्या आकाराचे अवाढव्य फुगे. ते विमानांच्याही कितीतरी वर जाऊन महिनोन्महिने तरंगत आणि त्यांना दुर्बीण जोडलेली असे. तिथे हवा इतकी विरळ, की ताऱ्यांचं लुकलुकणं थांबतं आणि फोटो स्वच्छ येतात. फक्त फुग्याला भोक पडता कामा नये.

म्हणून फुग्यात आधी साधी हवा भरायची आणि काकांनी मोजे घालून आत शिरायचं. कापडाच्या प्रत्येक सांध्याला ते गाल लावत. हवा निसटत असेल तर गालाला बारीकशी ओढ लागते म्हणे. यंत्रही तेच सांगायचं आणि काकांच्या आधी सांगायचं, पण काकांना आत जायचं वेडच होतं. आत पांढरा उजेड आणि शांतता. घरी बायको, दोन मेहुण्या आणि टीव्ही.

आत जाताना खिसे रिकामे करावे लागत. तरीही गेल्या खेपेला काकांचा चष्मा आत राहिला होता. मुख्य इंजिनियरबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "काका, पुन्हा काही विसरलात तर आत जाणं बंद. बाहेर बसून दोऱ्या गुंडाळायच्या."

आज तपासणी उरकून काका बाहेर आले, आत शिरायची झडप चिकटवून बंद केली गेली आणि चहा आला. काकांनी टोस्ट चावला. टोस्ट जसाच्या तसा राहिला.

कवळी! ती घातली की गाल ताठ होतो, ओढ कळत नाही, म्हणून काका आत गेल्यावर ती गुपचूप काढून ठेवत. खिसे तपासणाऱ्याला तोंड तपासायचं कधी सुचलंच नव्हतं.

थोड्याच वेळात हवा काढणार, कापड खाली बसणार आणि कवळीची तार त्यात घुसणार. काकांनी कोपऱ्यात जाऊन बायकोला फोन लावला.

"दात विसरलात?" ती किंचाळली. "गप्प बसा आता. तसंही तोंड उघडायची सोय राहिलेली नाही तुम्हाला."

काका तोंडावर हात धरून चहापाशी येऊन बसले. फुग्यात हवा भरणारा पंखा बंद करायला माणूस निघाला. समोर झाकून ठेवलेली ती दुर्बीण. तिच्यापायी बाईंचे केस पांढरे झाले होते. काकांना राहवेना. ते उठून बाईंकडे गेले.

"बाई, आत कवळी राहिलीय."

"कुणाची?"

काकांनी तोंडावरचा हात काढला. सगळा कारखाना हसला. बाई हसल्या नाहीत.

झडप उघडली. काका आत जाऊन कवळी घेऊन आले, ती धुऊन तोंडात बसवली आणि कुणी सांगायच्या आत दोऱ्या गुंडाळायला बसले. रडू येत होतं, पण लोकांना आणखी किती हसवायचं!

बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. "हे काय चाललंय?"

"तुम्हीच म्हणाला होतात."

"चष्मा मला सापडला होता. आज तुम्ही स्वतःहून सांगितलंत. उठा, झडप उघडली म्हणजे सगळे सांधे पुन्हा बघायला हवेत." त्यांनी तळहात पुढे केला. "काढा."

"काय?"

"कवळी. आत काही न्यायचं नाही. तुम्ही येईपर्यंत मी धरून उभी राहते."