दोन काळ्या बाटल्या

आमच्या घरी पाहुण्याच्या हातात चहाच्या आधी पत्रक पडायचं. 'जाहीर निषेध' हे दोन शब्द मी बाराखडीसोबतच शिकले. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात बसस्टँडच्या आसपासची लेकरं उलट्या-जुलाबांनी आडवी झाली, तेव्हा मी पत्रकच लिहिलं. मागणी एवढीच, की खाण्याचे नमुने नागपूरला पाठवून वाट पाहत बसू नका, तपासणीची गाडी इथे आणा आणि निकाल दुसऱ्या दिवशी द्या.

गाडी आली. मला केवढा आनंद झाला होता!

गाडीतल्या तंत्रज्ञाने मला पद्धत समजावली. बाटलीत औषध लावलेला कागद असतो. नमुना पाण्यात कालवून तीत ओतायचा आणि बाटली उबेला ठेवायची. घाणीतले जंतू असले तर ती काळी पडते. त्याने दोन ठिकाणची हिरवी चटणी घेतली. एक स्टँडसमोरच्या मोठ्या हॉटेलातली, दुसरी हॉटेलच्या भिंतीला लागून असलेल्या मावशीच्या ठेल्यावरची. मावशी कचोरी विकायची. चतुर्थीला केळझरच्या गणपतीला जाणारे तिच्याकडे हमखास थांबायचे. तिचं घर त्या ठेल्यावरच चालायचं. पाणी ती हॉटेलच्या मागच्या नळावरून भरायची आणि त्या बदल्यात सकाळी हॉटेलसमोरची जागा झाडून द्यायची.

"माह्या चटणीत काही निंगालं त?" तिने विचारलं.

"तर पाणी खराब आहे हे कळेल, मावशी. नळ दुरुस्त होईल." मी छातीठोकपणे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही बाटल्या काळ्या निघाल्या. कुठली कोणाची, हे चिठ्ठी वाचल्याशिवाय सांगता आलं नसतं.

गाडीसोबत आलेल्या अन्न खात्याच्या साहेबांनी ठेला जागेवर बंद केला. चटणी नालीत गेली, शेगडी आणि कढई गाडीत चढली. मग साहेब हॉटेलात जाऊन पंख्याखाली बसले. मी मागोमाग गेले.

"सर, बाटली यांचीही काळी आहे."

"ही प्राथमिक तपासणी आहे, मॅडम. हिला पुरावा म्हणत नाहीत. यांचा नमुना रीतसर प्रयोगशाळेत जाईल."

"मग मावशीचा का नाही?"

"तिच्याजवळ परवाना आहे?"

गल्ल्यावरचा मालक हसला. "मॅडमले चहा द्या रे. पत्रक लिवून थकल्या असतीन."

रीतसर नमुना घ्यायला माणूस येईपर्यंत मालकाने टाकी घासून घेतली, चटणी नवी वाटली. मग नमुन्याला लाखेचं सील लागलं. यथावकाश रिपोर्ट आला, निर्दोष. तो आता गल्ल्यामागे फ्रेममध्ये टांगलेला आहे. मी दोन्ही बाटल्यांचा फोटो छापून दुसरं पत्रक काढलं. लोकांनी ते त्याच हॉटेलात चहा पीत वाचलं आणि भज्यांचं तेल त्यालाच पुसलं.

पावसाळा संपता संपता पुन्हा लेकरं आजारी पडली. तंत्रज्ञाकडून एक कोरी बाटली मी मागून घेतली होती. ती पिशवीत टाकून मी हॉटेलच्या मागच्या नळाकडे गेले. नळाखाली मावशी बसली होती. समोर खरकट्या प्लेटांचा ढीग.

"काऊन आली वो पोरी इकडं?"

मी बाटली काढून दाखवली. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्या मनगटाला धरलं.

"नको वो माय. ठेला गेला तवा इथं कामाले लागली मी. आता हेबी बंद केलं त मी कुठी जाऊ?"

"मावशी, लेकरं आजारी पडून राहिलीत."

"मले मालूम नाई का? माह्याच नातवाले सलाइन लावलंय."

नळ चालूच होता. तिने मनगट सोडलं नाही. मी बाटली पिशवीत ठेवली, तेव्हा कुठे तिने ते सोडलं आणि पुढची प्लेट उचलली.